गाठीचं रक्त तोडणारा कोलॅजनचा तुकडा: एंडोस्टॅटिनचं प्रकरण सुरुवातीपासून

एमएस्सीला असताना आमच्या लॅबमध्ये अंड्यांचा एक प्रयोग असायचा. हॅचरीतून फलित अंडी आणायची, गाडीवर मागे बसून मांडीवर ट्रे धरून, खड्डा आला की श्वास रोखून. मग ती 37-38 डिग्रीच्या इनक्युबेटरमध्ये ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी कवच स्पिरिटने पुसून, अलगद तडा देऊन आतलं सगळं पेट्री डिशमध्ये सोडायचं, बलक न फुटता. दहातली चार-पाच जायचीच. जी टिकायची त्यांच्यात मधोमध टिंबाएवढं हृदय धडधडताना नुसत्या डोळ्यांनी दिसायचं, आणि पुढच्या तीन-चार दिवसांत बलकावर एक पातळ पडदा पसरायचा ज्यात लाल रेषांचं जाळं असायचं, पिंपळाचं पान पाण्यात कुजवून जाळी उरते ना, अगदी तसं. त्या पडद्यावर ज्याची परीक्षा घ्यायची त्या पदार्थाची छोटीशी चकती ठेवायची. दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पदार्थात दम असेल तर चकतीभोवती एक मोकळं गोल दिसतं, लाल रेषा तिथपर्यंत येतात आणि वळसा घालून निघून जातात.

पहिल्यांदा ते मोकळं गोल बघितलं तेव्हा मी बराच वेळ डोळा काढला नव्हता. कारण त्या चकतीत विष नव्हतं, कोलॅजनचा तुकडा होता. त्याच कोलॅजनच्या कुटुंबातला जे आपल्या कातडीत, हाडात, रक्तवाहिनीच्या भिंतीत असतं. त्या तुकड्याचं नाव एंडोस्टॅटिन, आणि या लेखात त्याचंच पूर्ण प्रकरण मांडायचंय, कारण इंटरनेटवर याची दोनच टोकं सापडतात, एक म्हणजे "कॅन्सरवर चमत्कार सापडला होता आणि दाबला" आणि दुसरं म्हणजे "सगळा फुगा होता". दोन्ही चूक आहेत असं माझं ठाम मत आहे. तुकडा खरा होता, त्याचं कामही खरं होतं. तो काम कसा करतो हे समजायच्या आत त्याला नेहमीच्या इंजेक्शनसारखं वापरलं गेलं, तिथे गाडी घसरली.

आधी जाळ्याबद्दल थोडं

पेशी म्हणजे सुट्या विटा नसतात, त्या एका जाळ्यात बसलेल्या असतात. कोलॅजन, लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन, परलेकन वगैरे प्रथिनांचं हे जाळं पेशींच्या बाहेर असतं, म्हणून त्याला एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स म्हणतात. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी, म्हणजे एंडोथेलियल पेशी, या जाळ्याच्या एका पातळ चादरीवर चिकटून बसतात, तिला बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात. नवीन रक्तवाहिनी फुटायची तर या पेशींना आधी ती चादर कापावी लागते, मग पुढे सरकायचं, वाढायचं, नळी करायची आणि परत स्वतःभोवती नवी चादर विणायची. कापायला कात्री लागते, ती कात्री म्हणजे प्रोटिएज एन्झाइम. आणि गंमत इथेच आहे, कात्री चालली की चादरीचे तुकडे सुटतात आणि त्यातले काही तुकडे त्याच पेशींना थांबायला सांगतात. अख्खं कोलॅजन असतं तेव्हा हा निरोप घडीच्या आत दडलेला असतो. तुकडा सुटा झाला की उघडा पडतो.

हे आज दोन ओळीत लिहिता येतं, पण इथपर्यंत यायला 30 वर्षं गेली.

मोहरीएवढी गाठ

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, बेथेस्डाच्या नौदल हॉस्पिटलमध्ये, 1960 च्या सुमाराला. ज्युडा फोकमन नावाचा तरुण सर्जन तिथे सेवेत होता. नौदलाला लांबच्या सफरींसाठी रक्ताला पर्याय हवा होता, म्हणून फोकमन आणि फ्रेडरिक बेकर हे दोघं प्राण्याची थायरॉइड ग्रंथी शरीराबाहेर काचेत ठेवून तिच्यातून हिमोग्लोबिनचं द्रावण फिरवत होते. ग्रंथी जिवंत राहते का बघायला त्यांनी तिच्यात उंदराच्या कॅन्सरच्या पेशी टाकल्या. पेशी वाढल्या, मोहरीच्या दाण्याएवढी म्हणजे 1-2 मिलिमीटरची गाठ झाली आणि थांबली. मेली नाही, नुसती थांबली. तीच गाठ उचलून उंदरात लावली तर भराभर वाढली. फरक एवढाच की काचेतल्या ग्रंथीत नवीन रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या.

पुढे फोकमन बोस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलचे मुख्य सर्जन झाले, 1967 मध्ये, वय फक्त 34. आणि 1971 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यांनी लिहून टाकलं की गाठ स्वतःसाठी रक्तवाहिन्या ओढून घेते, ते थांबवलं तर गाठ मोहरीएवढीच राहील. त्या काळात बहुतेकांना हे पटलं नाही. गाठीभोवती रक्तवाहिन्या दिसतात ती सूज आहे असं मानलं जायचं, आणि एका सर्जनने प्रयोगशाळेतल्या जीवशास्त्रात नाक खुपसावं हेही अनेकांना रुचलं नाही. पण फोकमन सर्जन होते म्हणूनच त्यांना हे दिसलं असं मला वाटतं. चाकू लावला की गाठ किती रक्त सोडते हे त्यांच्या हातांना माहीत होतं.

मग रक्तवाहिन्या थांबवणारं काहीतरी शोधायचं होतं. पहिला अंदाज साधा होता, शरीरात रक्तवाहिन्या कुठे नसतात? कूर्चेत, म्हणजे कार्टिलेजमध्ये. तर 1975 च्या आसपास हेन्री ब्रेम आणि मग रॉबर्ट लँगर यांनी तिथून सुरुवात केली. लँगर केमिकल इंजिनिअर, ते गाईच्या हाडांचे ढीग आणून त्यातून कूर्चा खरवडून अर्क काढायचे. परीक्षा सशाच्या डोळ्यात व्हायची, कारण कॉर्नियातही रक्तवाहिन्या नसतात, तिथे गाठीचा कण ठेवला की कडेकडून लाल रेषा त्याच्याकडे धावताना स्पष्ट दिसतात. पण अडचण अशी की अर्क एकदा टाकला तर तासाभरात वाहून जायचा आणि प्रयोग तर आठवडे चालायचा. म्हणून लँगरने खास प्लास्टिकसारख्या पॉलिमरची गोळी बनवली जिच्यातून मोठं प्रथिनसुद्धा दिवसेंदिवस हळूहळू झिरपत राहील. लोकांनी सांगितलं होतं की एवढे मोठे रेणू असे झिरपूच शकत नाहीत, त्याने ते 1976 मध्ये करून दाखवलं. ही झिरपणारी गोळी लक्षात ठेवा, पुढे फार महत्त्वाची आहे.

उंदरांची लघवी

सर्जन लोकांना एक जुना, मन खाणारा अनुभव होता. काही पेशंटमध्ये मुख्य गाठ नीट काढली, सगळं स्वच्छ, आणि काही महिन्यांत फुप्फुसात किंवा यकृतात लहान लहान गाठी उफाळून आल्या, जणू मोठी गाठ त्यांना दाबून ठेवत होती. फोकमनना वाटलं की खरंच दाबून ठेवत असेल तर? दरम्यान शिकागोच्या नॉर्थवेस्टर्नमध्ये नोएल बाऊक यांच्या गटाने 1990 मध्ये दाखवलं होतं की रक्तवाहिन्या थांबवणारा एक पदार्थ थ्रॉम्बोस्पॉन्डिन नावाच्या प्रथिनाच्या तुकड्याशी तंतोतंत जुळतो, आणि थ्रॉम्बोस्पॉन्डिन हे मॅट्रिक्समधलंच. म्हणजे तुकड्याची कल्पना हवेत आली होती.

मायकेल ओरायली नावाचा तरुण सर्जन फोकमनच्या लॅबमध्ये आला आणि त्याने हे काम अंगावर घेतलं. उंदराच्या पाठीवर लुईस लंग कार्सिनोमाची, म्हणजे उंदराच्या फुप्फुसाच्या एका कॅन्सरची गाठ वाढवायची, गाठ आहे तोवर फुप्फुसातल्या गाठी बारीक राहतात, गाठ काढली की त्या फोफावतात. म्हणजे गाठ रक्तात काहीतरी सोडतेय. पण उंदराचं रक्त असतं किती, म्हणून त्याने लघवी गोळा केली. महिनोन्‌महिने, उंदरांची लघवी, लिटरच्या हिशोबात. त्यातून शेवटी 1994 मध्ये अँजिओस्टॅटिन हाती लागलं, तो प्लाझ्मिनोजेन या रक्तातल्या प्रथिनाचा तुकडा निघाला. मॅट्रिक्सचा नाही, पण रीत तीच होती, मोठ्या निरुपद्रवी प्रथिनाच्या पोटातून सुटणारा ब्रेक.

मग तोच डाव दुसऱ्या गाठीवर. या वेळी रक्तवाहिनीच्या अस्तराच्याच पेशींपासून झालेली उंदराची गाठ घेतली, हिमँजिओएंडोथेलिओमा, आणि तिच्या पेशी ज्या द्रवात वाढवल्या तो द्रव गाळत, वेगळा करत, कोणता भाग एंडोथेलियल पेशींची वाढ थांबवतो ते बघत बघत सुमारे 20 किलोडाल्टनचं एक प्रथिन मिळालं. त्याच्या सुरुवातीची अमिनो आम्लं वाचली तर ती जुळली कोलॅजन 18 च्या शेपटीशी (कोलॅजनचे बरेच प्रकार असतात, त्यांना असे नंबर देतात). कोलॅजन 18 हे प्रथिन तेव्हा जेमतेम तीन वर्षांपूर्वी, 1994 मध्ये, हार्वर्डला ब्यॉर्न ओल्सेन यांच्या गटाने आणि फिनलंडच्या औलूमधल्या गटाने वर्णन केलेलं. रक्तवाहिन्यांच्या बेसमेंट मेम्ब्रेनमधलं. म्हणजे रक्तवाहिनी ज्या चादरीवर बसते तिच्याच झालरीचा तुकडा. जानेवारी 1997 मध्ये सेल मासिकात पेपर आला.

नोव्हेंबर 1997 मध्ये नेचरमध्ये त्याच लॅबचा दुसरा पेपर आला, थॉमस बोम पहिला लेखक, आणि खरी खळबळ त्याची. केमोची सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे गाठ औषधाला सरावते, रेझिस्टंट होते. इथे त्यांनी उंदरांना एंडोस्टॅटिन दिलं, रोज किलोमागे 20 मिलिग्रॅम, गाठ जवळजवळ दिसेनाशी झाली की बंद केलं, परत मोठी होऊ दिली, परत दिलं. दर वेळी गाठ तेवढीच विरघळली. लुईस लंग गाठीत सहा फेऱ्या, फायब्रोसार्कोमात चार, मेलानोमात दोन, आणि त्यानंतर औषध बंद केल्यावरही गाठ उठलीच नाही, झोपून राहिली. कारण असं मांडलं गेलं की गाठीच्या पेशी जनुकं बदलत राहतात म्हणून सरावतात, पण रक्तवाहिनीच्या पेशी तर साध्यासुध्या असतात, त्या कशा सरावतील.

एक तपशील या पेपरांमध्ये आहे ज्याच्यावरून लोकांची नजर घसरली. बॅक्टेरियात बनवलेलं हे एंडोस्टॅटिन विरघळतच नव्हतं. पांढरा साका, ताक हलवायचं राहिलं की तळाला बसतो तसा. तो तसाच ढवळून उंदराच्या कातडीखाली टोचायचे, तिथे त्याची छोटी गोळी व्हायची आणि ती एक-दोन दिवस हळूहळू झिजायची. म्हणजे नकळत लँगरची झिरपणारी गोळीच.

3 मे 1998

त्या रविवारी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर जीना कोलाटा यांची बातमी आली, दोन औषधं उंदरांमधला कॅन्सर घालवतात, आणि त्यात डीएनएची रचना शोधणाऱ्या जेम्स वॉटसन यांच्या तोंडी असं वाक्य होतं की फोकमन दोन वर्षांत कॅन्सर बरा करणार. वॉटसन यांनी नंतर आपण असं म्हटलंच नव्हतं असं सांगितलं, पण तोवर व्हायचं ते झालं. औषध बनवणारी एंट्रेमेड ही मेरीलँडमधली छोटी कंपनी, शुक्रवारी तिचा शेअर 12 डॉलरच्या आसपास होता, सोमवारी सकाळी 85 पर्यंत गेला आणि संध्याकाळी 52 च्या आसपास बंद झाला. यात नवीन काय होतं? काहीच नाही! नेचरचा पेपर पाच महिने आधी छापून आला होता, याच वर्तमानपत्राने तेव्हा आतल्या पानावर बातमीही दिली होती. ह्युबरमन आणि रेगेव्ह या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये याच घटनेवर अख्खा शोधनिबंध लिहिला, जुनीच बातमी पहिल्या पानावर आली तर शेअर बाजार काय करतो म्हणून.

पण मला शेअरपेक्षा फोनचं जास्त वाटतं. देशभरातून कॅन्सरच्या पेशंटचे, त्यांच्या मुलांचे, बायकांचे फोन सुरू झाले आणि त्यांना द्यायला औषध नव्हतंच, तेव्हा एकाही माणसाला ते दिलेलं नव्हतं. फोकमन स्वतः वारंवार सांगत होते की तुम्ही उंदीर असाल आणि तुम्हाला कॅन्सर असेल तर आम्ही तुमची चांगली काळजी घेऊ शकतो. माझ्या घरात कॅन्सर झालाय, पेपरमधलं कात्रण हातात धरून डॉक्टरांसमोर बसलेला माणूस मी जवळून बघितलाय, त्यामुळे त्या आठवड्यातल्या फोनची कल्पना मला करवत नाही.

आणि त्याच वर्षाच्या शेवटी उलटी बातमी आली, नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांना हे निकाल त्यांच्याकडे मिळत नाहीयेत. मग लोक लगेच दुसऱ्या टोकाला गेले. फेब्रुवारी 1999 मध्ये इन्स्टिट्यूटने जाहीर केलं की त्यांच्या माणसांनी बोस्टनला जाऊन फोकमनच्या लॅबमध्ये प्रयोग केला तेव्हा एंडोस्टॅटिनने गाठी आटल्या. म्हणजे निकाल खरा होता, पण प्रथिन कोणी, कसं, कुठे हाताळलं यावर तो टांगलेला होता.

यावर माझा विश्वास लगेच बसतो. आमच्या लॅबमध्ये एंडोस्टॅटिनची एक इवलीशी कुपी मागवली होती, वर्षभरातली आमची सगळ्यात महाग खरेदी. मी ती एकदा वितळवली, थोडं काढलं, परत फ्रीझरमध्ये टाकली, पुढच्या आठवड्यात परत वितळवली. दुसऱ्या वेळी कुपीत धूसर काहीतरी तरंगत होतं, उजेडासमोर धरलं की दिसायचं. तरी चकत्या केल्या. बारा अंडी, एकातही मोकळं गोल नाही. त्याच प्रथिनाच्या नव्या कुपीतून पहिल्याच दिवशी छोटे छोटे भाग करून ठेवले तेव्हा गोल आलं. प्रथिन म्हणजे मीठ नव्हे, त्याची घडी मोडली की लेबल तेच राहतं पण आत दुसरंच काहीतरी असतं. तेव्हापासून कुठल्याही प्रथिनाची कुपी आली की मी आधी भाग करते, मग चहा.

माणसांवर

1999 च्या शरदात माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या, बोस्टनचं डाना-फार्बर, ह्युस्टनचं एमडी अँडरसन आणि मॅडिसनमधलं विस्कॉन्सिन विद्यापीठ. तिन्ही मिळून साठेक पेशंट, सगळे असे ज्यांच्यावर बाकीचे उपाय थकले होते. औषध आता यीस्टमध्ये बनवलेलं, छान विरघळणारं, स्वच्छ, आणि ते शिरेतून रोज एकदा, थोडक्या मिनिटांत दिलं जात होतं. शरीराच्या दर चौरस मीटरला 15 मिलिग्रॅमपासून सुरुवात करून 600 पर्यंत नेलं. त्रास जवळजवळ कुणालाच झाला नाही, केमोच्या तुलनेत तर काहीच नाही. पण गाठीही फारशा हलल्या नाहीत, एखाददुसऱ्याची थोडी आकसली, काहींची काही काळ थांबली. नंतर न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या 42 पेशंटवर चाचणी झाली, 2006 मध्ये छापून आली, त्यात एकाचीही गाठ मोजण्याइतकी लहान झाली नव्हती. तोवर कंपनीने औषध बनवणंच थांबवलं होतं. अमेरिकेत प्रकरण तिथे बंद झालं.

आता कुठे चुकलं त्याकडे. मी याची तीन कारणं धरते, आणि पहिलं मला सगळ्यात मोठं वाटतं.

उंदरात साका झिरपत होता, माणसात झटक्यात शिरेतून. फोकमनच्याच लॅबने 2001 मध्ये दाखवलं की पोटात छोटा पंप बसवून एंडोस्टॅटिन सतत थेंबथेंब सोडलं तर रोजच्या एका टोचणीपेक्षा जास्त परिणाम होतो आणि तोही बराच कमी डोस वापरून. विचार केला तर यात नवल नाही, हा तुकडा शरीरात असाच काम करतो, जाळं झिजतं तसा थोडा थोडा सुटतो, सतत. निरोगी माणसाच्या रक्तातही तो असतोच, मिलिलिटरमागे दहा-पन्नास नॅनोग्रॅम. आणि ज्या लॅबमध्ये 1976 मध्ये झिरपणारी गोळी नेमकी याच कामासाठी जन्माला आली होती, त्याच लॅबचा रेणू पेशंटपर्यंत पोचला तो झिरपण्याविना, हे मला या सगळ्यातलं सगळ्यात जास्त लागतं.

दुसरं कारण डोसचं. 2005 मध्ये आणखी एक काम आलं, एंडोस्टॅटिनचा परिणाम डोसबरोबर सरळ वाढत जात नाही, कमी डोसला कमी, मधल्या डोसला भरपूर आणि त्याहून वाढवलं की परत कमी. केमोची सवय असलेल्या डॉक्टरांचा हिशोब उलटा असतो, सहन होतंय तोवर वाढवत न्यायचं. म्हणजे पहिल्या टप्प्याच्या चाचणीत डोस चढवत नेण्याची जी रीत आहे ती या तुकड्यासाठी कदाचित चुकीचीच होती. आमच्या डाळीत हिंग असतो ना, चिमूटभर टाकला तर घमघमाट, चमचाभर टाकला तर डाळ कडू.

तिसरं, रेणूचं स्वतःचं. 1998 मध्ये त्याची रचना कळली, घट्ट गुंडाळलेला गोळा, एका बाजूला आर्जिनिन या अमिनो आम्लाचा दाट पट्टा ज्याने तो हेपॅरन सल्फेटला, म्हणजे जाळ्यातल्या साखरेच्या साखळीला धरतो, आणि सुरुवातीच्या टोकाला जस्ताचा एक अणू. जस्त लागतं की नाही यावर पुष्कळ वाद झाला, एका गटाने जस्त धरणारी जागा मोडली तर गाठीवरचं काम गेलं, दुसऱ्या गटाला तसं दिसलं नाही. पण नंतर सुरुवातीची फक्त 27 अमिनो आम्लं जस्तासकट घेतली तरी गाठीवर काम होतं असं फोकमनच्याच लॅबला आढळलं. म्हणजे टोक महत्त्वाचं, आणि प्रथिन बनवताना नेमकं टोकच आधी कुरतडलं जातं.

तो पेशीला काय करतो हेही एका वाक्यात बसत नाही. एंडोथेलियल पेशी जाळ्याला धरून चालते ते इंटिग्रिन नावाच्या हातांनी, एंडोस्टॅटिन त्यातल्या अल्फा5 बीटा1 ला जाऊन चिकटतं, मग पेशीची पकड सुटते, आतले अॅक्टिनचे दोर ढिले पडतात आणि पेशी जागच्या जागी राहते. शिवाय व्हीईजीएफचा (रक्तवाहिन्यांना वाढायला सांगणारं प्रथिन) रिसेप्टर, ग्लायपिकन, पेशीच्या पृष्ठभागावरचं न्यूक्लिओलिन, अशा बऱ्याच जागा वेगवेगळ्या गटांनी दाखवल्यात. एकच कुलूप नसल्यामुळे कंपन्यांना हे औषध आवडलं नाही असं मला वाटतं. बेव्हॅसिझुमॅब हे दुसरं औषध बघा, ते फक्त व्हीईजीएफला धरतं, कोणाला द्यायचं, काय मोजायचं, सगळं सरळ. त्याला फेब्रुवारी 2004 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, आणि रक्तवाहिन्या अडवून कॅन्सर अडतो हे फोकमनचं 1971 चं म्हणणं माणसात सिद्ध झालं ते त्यातून. आज डोळ्याच्या पडद्यामागे रक्तवाहिन्या फुटतात तेव्हा जी इंजेक्शनं डोळ्यात देतात तीही त्याच वाटेवरची, ती घेणारे काका-काकू आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत.

चीन आणि बाकीचे तुकडे

चीनमध्ये हे प्रकरण बंद झालं नाही. ल्युओ योंगझांग यांनी एंडोस्टॅटिनच्या सुरुवातीच्या टोकाला नऊ जादा अमिनो आम्लं जोडली, त्यात पाच हिस्टिडिन, त्यामुळे रेणू जास्त टिकाऊ झाला आणि बॅक्टेरियात बनवूनही नीट घडी घालता आली. एंडोस्टार या नावाने त्याला 2005 मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी मंजुरी मिळाली. चाचणीत 493 पेशंट होते, सगळ्यांना केमो, त्यातल्या काहींना बरोबर एंडोस्टार, आजार पुढे सरकायला केमोवाल्यांना 3.6 महिने लागले आणि दोन्ही घेणाऱ्यांना 6.3. चमत्कार नाही म्हणता येणार, पण शून्यही नाही. चीनबाहेर मात्र ते फारसं पोचलं नाही.

दुसरीकडे बोस्टनमध्येच बेथ इस्राएल डिकनेस हॉस्पिटलमध्ये विकास सुखात्मे यांचा गट (आडनाव वाचून मला जरा बरंच वाटलं होतं) यीस्टमध्ये एंडोस्टॅटिन बनवून मूत्रपिंडाच्या कॅन्सरवर तपासत होता, आणि तिथेच रघु कल्लुरी यांनी कोलॅजन 4 पोखरायला घेतलं. त्यातून अरेस्टेन, कॅनस्टॅटिन आणि 2000 मध्ये ट्यूमस्टॅटिन निघालं. ट्यूमस्टॅटिन मला फार आवडतं, कारण 2003 मध्ये त्यांनी असे उंदीर घेतले ज्यांच्यात कोलॅजन 4 ची ती अल्फा3 साखळीच नाही. त्यांच्यात गाठी जास्त वेगाने वाढल्या. मग रक्तात नेहमी असतं तेवढंच ट्यूमस्टॅटिन बाहेरून पुरवलं तर वाढ परत नेहमीच्या वेगावर आली. म्हणजे औषधाचा मोठा डोस वगैरे काही नाही, शरीराचं जे होतं ते परत दिलं. आणि हा तुकडा कापून देणारी कात्री कोणती, तर एमएमपी-9, जी गाठीला पसरायला मदत करते म्हणून बदनाम आहे. 1990 च्या दशकात या कात्र्या बंद करणारी औषधं मोठ्या आशेने चाचण्यांत उतरली आणि पडली, त्यामागे हेही एक कारण असू शकतं, कात्री बंद केली की ब्रेकसुद्धा बनायचा थांबतो. पुढे परलेकनमधून एंडोरेपेलिन निघालं. यादी वाढतेच आहे.

शरीराने स्वतः केलेले प्रयोग

फोकमन 14 जानेवारी 2008 ला डेन्व्हरच्या विमानतळावर हृदयविकाराने गेले, 74 वर्षांचे होते, भाषणाला निघालेले. शेवटच्या वर्षांत ते एका गोष्टीवर खूप बोलायचे. कोलॅजन 18 चं जनुक 21 व्या क्रोमोसोमवर आहे. डाउन सिंड्रोम असलेल्यांमध्ये हा क्रोमोसोम तीन प्रतींत असतो, त्यामुळे त्यांच्या रक्तात एंडोस्टॅटिन साधारण दीड ते दोन पट असतं. आणि या लोकांमध्ये ल्युकेमिया जास्त दिसत असला तरी स्तन, फुप्फुस, आतडं अशा घट्ट गाठींचे कॅन्सर सर्वसामान्यांपेक्षा खूपच कमी दिसतात, मधुमेह असूनही डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या फुटण्याचं प्रमाणही कमी असल्याचं निरीक्षण आहे. याचं सगळं श्रेय एंडोस्टॅटिनला देता येत नाही, त्याच क्रोमोसोमवर डीएससीआर1 नावाचं दुसरं जनुक आहे, तेही रक्तवाहिन्या अडवतं, हे 2009 मध्ये दाखवलं गेलं. पण बघा, इथे कुणी इंजेक्शन देत नाही, मात्रा दुपटीच्या आतबाहेर, फक्त ती जन्मापासून, दिवसरात्र, न थांबता चालू आहे. उंदराला तेव्हा रोज किलोमागे 20 मिलिग्रॅम दिलं होतं ते आठवा आणि शेजारी हा आकडा ठेवा.

उलटा प्रयोगही आहे. कोलॅजन 18 चं जनुक दोन्ही प्रतींत बिघडलं तर नॉब्लॉक सिंड्रोम होतो, ब्राझीलमधल्या एका मोठ्या कुटुंबावरून 1996 मध्ये त्याची जागा 21 व्या क्रोमोसोमवर सापडली आणि 2000 मध्ये नेमकं जनुक कळलं. या मुलांना लहानपणीच प्रचंड मायनस नंबरचा चष्मा असतो, डोळ्याचा पडदा सुटतो, डोक्याच्या मागच्या हाडात फट असते. असं का, याचा एक धागा उंदरांत मिळाला. पोटातल्या बाळाच्या डोळ्यात मागून पुढे भिंगापर्यंत जाणाऱ्या तात्पुरत्या रक्तवाहिन्या असतात, भिंग घडेपर्यंत त्या लागतात आणि मग आपोआप सुकून नाहीशा होतात, म्हणून आपल्याला स्वच्छ दिसतं. कोलॅजन 18 नसलेल्या उंदरांत त्या वेळेवर सुकत नाहीत, पिल्लू जन्मून काही दिवस झाले तरी डोळ्याच्या आत त्या लाल रेषा तशाच पसरलेल्या असतात.